जोराची डबी

१

मंगळवारी सकाळी पाणी भरायला चंपतनं पिकअपचं बोनेट वर केलं आणि पाण्याचा डबा हातात तसाच धरून तो उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "डबी नाई."

सोजरबाईनं चहाचं पातेलं खाली उतरवलं आणि पदराला हात पुसत ती गाडीपाशी गेली. गुडीहत्नूरच्या फाट्यावर, हमरस्त्याला लागूनच तिचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, दोन चुली आणि वर टिनपत्रे. तिथून पुढे आदिलाबादकडे जाणारा रस्ता पुलावर चढायचा. बावीस वर्षं त्या चढाच्या पायथ्याशी बसून बसून तिला गाड्यांचे आवाज माणसांच्या आवाजासारखे ओळखू यायला लागले होते. कोणती गाडी भरलेली, कोणती रिकामी, कोणत्या ड्रायव्हरचं घरी भांडण झालंय, हे सगळं ती पाठमोरी राहूनही सांगायची.

इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर शनिवारी बसवलेली काळी डबी खरंच नव्हती. दोन तारा लोंबत होत्या. पत्र्यातून वर आलेले दोन बोल्ट तेवढे जागेवर होते.

ही डबी साधी नव्हती. कमलकिशोर नावाचा एक विक्रेता गेले आठ दिवस आदिलाबादच्या लॉजवर उतरला होता. डिझेल गाडीला डबी बसवली की गाडीचा जोर सव्वापट होतो, असं तो सांगायचा. गुडीहत्नूरच्या भाजीपाला मंडळीचे अध्यक्ष सुधाकरराव यांनी त्याला गावात आणलं. मंडळीची ही एक पिकअप आणि आसपासच्या मळेवाल्यांच्या दहा-अकरा. सगळ्यांची गाऱ्हाणी एकच: माल भरला की निर्मलचा घाट चढत नाही. म्हणून केशवराव मिस्त्रींच्या गॅरेजात एक डबी मंडळीच्या गाडीला परीक्षेसाठी बसवली. रविवारी वीस पोती कोबी भरून चंपत घाटात गेला. एरवी दुसऱ्या गेअरमध्ये कण्हत चढणारी गाडी तिसऱ्यात चढून गेली. मागं बसलेले मळेवाले टाळ्या पिटत परत आले.

"कधी गेली?" सोजरबाईनं विचारलं.

"काल पाच वाजता सुधाकररावांच्या अंगणात गाडी लावली, तवा होती. सकाळी तशीच घेऊन आलो. हे पाणी टाकाले उघडलं तर..." चंपतनं डबा खाली ठेवला. "मावशी, आता माह्यावरच येईन."

तसंच झालं. तासाभरात सुधाकरराव आले, पाठोपाठ अर्धं गाव आलं. त्या गाडीच्या बोनेटचा खटका मोडलेला होता. जाळीतून हात घालून आतली तार ओढली तरच ते उघडायचं, आणि ती खूण चंपतलाच ठाऊक होती. शिवाय शनिवारी डबी बसवायच्या वेळी त्यानंच चारचौघांत म्हटलं होतं, "माह्या गाडीत हे परकं सामान नको."

"तुले नको होती, म्हणून तू काढली," सुधाकरराव म्हणाले.

"काढाची असती तर तुमाले सांगून काढली असती, भाऊ."

सुधाकररावांनी हात पुढे केला. चंपतनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मागं वळून न पाहता तो शेताच्या वाटेला लागला.

"गुरुवारची बैठक दहा वाजता इथंच ठरलेली हाय," सुधाकरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तोवर डबी आली तर ठीक. नाई आली तर मी ठाण्यात जाऊन त्याचं नाव देतो."

२

सोजरबाईला चंपतचा पुळका होता असं नाही. पण गेल्या साली एका लमाणी बाईचं चांदीचं कडं गाडीत राहिलं होतं, तेव्हा ते द्यायला हा माणूस अठरा किलोमीटर सायकल हाणत तांड्यावर गेला होता. तो चोरी करणार नाही असं ती म्हणत नव्हती. माणसाचा काय भरवसा! पण चोरी करून दुसऱ्या सकाळी आपणच बोनेट उघडून 'डबी नाई' म्हणून ओरडेल, इतका तो खुळा नव्हता.

आणखी एक गोष्ट तिला खुपत होती. लोक पांगल्यावर तिनं बोनेटमध्ये नीट डोकावून पाहिलं. दोन्ही तारा तुटलेल्या नव्हत्या, सोडवलेल्या होत्या. आणि त्या दोन रिकाम्या बोल्टांवर वायसरची चकती घालून नट परत बसवलेले होते. बोटानं फिरवून, सरळ.

दुपारी कमलकिशोर आदिलाबादहून बसनं आला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत चामडी बॅग, बोलणं गोड. त्याला चोरीचं ऐकून दुःख व्हायला हवं होतं. पण तो बाकड्यावर ऐसपैस बसला आणि जमलेल्या मळेवाल्यांना म्हणाला, "देखो भाई, चोरी उसी चीज़ की होती है जिसमें दम हो. कोई फालतू चीज़ चुराता है क्या?"

लोकांना ते पटलं. सकाळपर्यंत तिघांनी डबीसाठी नावं दिली होती, चहा संपेपर्यंत अकरा झाली. गुरुवारी बैठकीत साडेतीन-साडेतीन हजार देऊन प्रत्येकानं डबी न्यायची असं ठरलं.

सोजरबाईनं त्याच्यासमोर कप ठेवला. "काऊन हो साहेब, गाडी काळा धूर लई सोडून राह्यली रविवारपासून. माहे पापड काळे झाले."

"अच्छा है, माताजी. इंजन के अंदर का मैल निकल रहा है."

"आन् पाणी बी लई पिते म्हणे."

"नई ताकत है. थोड़ा गरम तो होगा."

ह्याच्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार आहे, तिच्या मनात आलं. खऱ्या माणसाला कधीतरी 'माहीत नाही' म्हणावं लागतं.

पण मग डबी त्यानंच पळवली असेल का? हायस्कूलचे अमृतराव मास्तर सोमवारी सकाळी इथंच बसून म्हणाले होते की गुरुवारी बैठकीत ते डबी फोडून आत काय आहे ते बघणार. विक्रेत्याला डबी लपवायला तेवढं कारण पुरेसं होतं. संध्याकाळी सुधाकरराव आले तेव्हा तिनं आडून विचारलं.

"काल पाचनंतर हा कमलकिशोर कुठं होता म्हणता?"

"माह्यासंगंच," सुधाकरराव म्हणाले. "चार वाजल्यापासून आदिलाबादले कापूस मार्केटात. तिथल्या गाडीवाल्याईले डबी दाखवून राह्यला होता. आठच्या बसनं मी एकटा परतलो. तू त्याच्यावर संशय घेतं काय, बाई?"

म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायला सोपं जात होतं, तोच माणूस सगळ्यांत लांब होता.

३

बुधवारी सकाळी सुधाकररावांनी पिकअप स्वतः चालवायला घेतली. आदिलाबादच्या बाजारात माल पोचवायचाच होता, ड्रायव्हर नव्हता. त्यांचा हात गाडीवर बसलेला नव्हता हे अख्ख्या गावाला ठाऊक. वीस पोती वांगी-कोबी भरून गाडी हॉटेलासमोरून निघाली आणि पुलाचा चढ चढू लागली.

सोजरबाई चुलीशी भजी तळत होती. तिनं झारा तसाच हवेत धरला.

गाडीनं गेअर बदललाच नाही. भरलेली पिकअप त्या चढावर हमखास पिंपळापाशी दुसऱ्या गेअरवर यायची. आज मात्र ती तिसऱ्यातच गुरगुरत वर गेली. मागं काळ्या धुराचा पट्टा राहिला. वाऱ्यानं तो खाली आला आणि दुधाच्या पातेल्यावर सोजरबाईनं घाईघाईनं ताट झाकलं.

मग ती तिथंच थबकली.

डबी तर सोमवारीच गेली होती. मग जोर कसा राहिला?

तिनं हॉटेल शेजारच्या पानवाल्यावर सोपवलं आणि सुधाकररावांच्या घरी गेली. त्यांची बायको लक्ष्मीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"वहिनी, सोमवारी संध्याकाळी गाडीपाशी कोण कोण आलं होतं?"

"पोलिसावानी काऊन विचारून राह्यली वं?" लक्ष्मीबाई हसली. "उद्धवराव आला होता. गाडीभोवती चकरा मारून गेला. त्याच्याआंधी केशवराव मिस्त्री. पंख्याचा पट्टा ढिला झाला म्हणे, तो पाहाले आला."

"किती वेळ होता?"

"मी म्हणलं, बसा, चहा टाकते. मंग मी वट्ट्यावरच उभी राहून त्याईच्या घरचं विचारत होती. त्याईनं बोनेट उघडून काईतरी केलं दोन मिनिटं, अन् चहा न घेताच गेले. घाईत होते."

उद्धवराव हा मोठा मळेवाला, स्वतःची पिकअप असलेला. डबी सगळ्यांच्या आधी आपल्याला मिळावी म्हणून कमलकिशोरच्या मागं लागलेला. तो आपल्या मळ्यात टमाट्याच्या पेट्या भरत होता. सोजरबाईनं सरळच विचारलं आणि तो भडकला.

"गेलो होतो, व्हय! एका दिवसापुरती डबी मागाले गेलो होतो. सुधाकरराव घरी नाई म्हणून परत आलो. म्या चोरली म्हणतं तू? अवं, मले पाना धरता येत नाई. म्या काढली असती तर तारा वढून तोडल्या असत्या. नट फिरवत कोण बसते?"

"तेच तर," सोजरबाई म्हणाली.

"काय तेच?"

ती बांधावरून निघाली. चोर घाईत असतो. काढलेला नट तो चिखलात फेकतो. काढलेला नट वायसरसकट परत बोल्टावर चढवायचा, म्हणजे तो हरवायचा नाही, ही चोराची सवय नव्हेच. ती आयुष्यभर दुसऱ्याची यंत्रं खोलणाऱ्याची सवय. गेल्या पावसाळ्यात तिचा स्टोव्ह दुरुस्त करून देताना केशवरावांनी प्रत्येक स्क्रू असाच ज्याच्या त्याच्या भोकात फिरवून ठेवला होता.

आणि बोनेटची ती आतली तार? चंपतखेरीज ती कुणाला माहीत असेल? ज्यानं ती बसवून दिली, त्याला.

पण केशवराव! नऊ वर्षं रोज सकाळी तिच्याकडं चहा पिणारा, डबीची सगळ्यांत जास्त टिंगल करणारा माणूस. त्याला डबी घेऊन करायचं काय होतं? तिला एकदम आठवलं की मंगळवारी आणि आज, दोन्ही दिवशी सकाळी तो चहाला आला नव्हता.

४

गॅरेजकडं जाण्याआधी ती हायस्कूलच्या दारात अमृतराव मास्तरांना भेटली. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती.

"मास्तर, एक अडाणी सवाल हाय. डिझेलच्या गाडीचा जोर वाढवाचा असंन, तर कशानं वाढते?"

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांना असे सवाल आवडायचे. "डिझेलनं. बाकी कशानं नाई. इंजिनात जास्त डिझेल टाका, जास्त जोर मिळेल. पण हवा तेवढीच हाय ना? जास्तीचं डिझेल पुरतं जळत नाई. मंग काळा धूर निघतो, इंजिन तापतं, अन् सहा महिन्यांत पिस्टन जळतो. म्हणून तर कंपनी किती डिझेल सोडायचं ते इंजिनाच्या डिझेल-पंपावरच्या एका स्क्रूनं ठरवून टाकते आणि त्यावर शिशाचं सील मारते. कोणी हात लावू नये म्हणून."

"अन् डबीनं?"

"डबीत डिझेलचा थेंब तरी जातो काय? दोन तारा बॅटरीला लावल्या होत्या. पंप तर सगळा लोखंडी, त्याला वीज कळत नाई. म्हणून तर मला ती फोडून बघायची होती."

काळा धूर, तापलेलं इंजिन, डब्याडब्यानं पाणी. सोजरबाईच्या पावलांना आपोआप वेग आला.

केशवरावांचं गॅरेज फाट्याच्या पलीकडं, चिंचेखाली. ते एका ट्रॅक्टरचं चाक मांडीवर घेऊन बसले होते. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. तिला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"चहाले येऊन नाई राह्यले, केशवराव?"

"काम लई हाय."

ती उलट्या डब्यावर बसली. "शनिवारी डबी बसवली तवा तुमी अन् कमलकिशोर शटर लावून दोन घंटे आत होते. कंपनीचं गुपित हाय म्हणून त्यानं सगळ्याईले बाहेर काढलं. खरं ना?"

"व्हय."

"डबीले नट दोन. तारा दोन. तुमच्या हाताले पाच मिनिटांचं काम. मंग दोन घंटे काय करत होते?"

केशवरावांच्या हातातला पाना चाकावर ठेवलेला होता, फिरत नव्हता.

"सुधाकररावानं आज बिनडबीची गाडी तिसऱ्यात चढवली. त्याईले समजलं बी नाई. मले समजलं. डबी गेली, तरी जोर गाडीतच हाय. म्हणजे तो डबीत नव्हताच." ती थोडी थांबली. "केशवराव, काढलेले नट परत काऊन लावले?"

चिंचेवर पोपटांचा थवा ओरडत बसला होता. केशवरावांनी पाना खाली ठेवला आणि हात फडक्याला पुसले.

"उद्या दहा वाजता बैठक हाय," ती उठत म्हणाली. "सुधाकरराव चंपतचं नाव ठाण्यात देणार हायेत. म्या तुमचं नाव कोणाले सांगणार नाई. तुमी याल का नाई, ते तुमचं तुमी पाहा."

५

गुरुवारी दहाला हॉटेलासमोर पन्नासेक माणसं जमली. कमलकिशोर चामडी बॅग मांडीवर घेऊन मधल्या बाकड्यावर बसला होता. बॅगेत अकरा डब्या होत्या. चंपतला बोलावणं गेलं होतं. तो आला होता, पण लांब, पानाच्या टपरीपाशी उभा राहिला. केशवरावांचा पत्ता नव्हता.

"चंपत, डबी आणली काय?" सुधाकररावांनी विचारलं.

"माह्याकडं असंन तर आणीन ना."

"मंग झालं. मी ठाण्यात जातो."

"भाऊ, जरा थांबा," सोजरबाई म्हणाली. बायकांनी बैठकीत बोलायची तिथं फारशी चाल नव्हती, पण ही जागा तिची होती. "ठाणं कुठं पळत नाई. गाडीत वीस पोती भरली हायेत. चंपतच्या हाती एकदा द्या अन् पुलावर चढवाले सांगा."

"कशाले?"

"मी सांगते म्हणून."

सुधाकररावांनी कुरकुरत किल्ली दिली. चंपतला काही कळलं नाही, पण तो चाकाशी बसला. गाडी चढाला लागली. पिंपळ आला, पिंपळ मागं गेला. गाडी तिसऱ्यातच, धूर ओकत वर गेली आणि पुलावर जाऊन थांबली. चंपत खाली उतरला आणि वरूनच ओरडला, "मावशी! हे कसं झालं वं?"

खाली चुळबुळ सुरू झाली. "डबी तर नाई ना!" उद्धवराव म्हणाला. "मंग चढली कशी?"

कमलकिशोर हसत उठला. "यही तो कमाल है! एक बार लगाओ, असर रह जाता है."

"असं?" सोजरबाई म्हणाली. "मंग एकच डबी पुरे झाली. दोन दोन दिवस सगळ्याईच्या गाडीले लावू अन् काढून घेऊ. अकरा कशाले पाहिजे?"

लोक हसले. कमलकिशोरचं हसू मात्र आटलं.

"अन् दुसरं. उद्धवरावची गाडी ही उभी हाय. तुमच्या बॅगेतली डबी इथंच, उन्हात, सगळ्याईसमोर लावा. दोन नट, दोन तारा. मंग ती चढते का पाहू."

"ऐसे नहीं होता, माताजी. गैरेज चाहिए. सेटिंग करनी पड़ती है."

"कशाची सेटिंग?"

"वह कंपनी का..."

"पंपाची," मागून कुणीतरी म्हणालं.

लोकांनी वाट करून दिली. केशवराव पुढे आले. हातात कापडाची पिशवी होती. त्यांनी ती बाकड्यावर उलटी केली आणि काळी डबी घरंगळत कमलकिशोरच्या पायाशी गेली.

"डबी म्या काढली," केशवराव म्हणाले. "चंपतनं नाई."

त्यांना सलग बोलायची सवय नव्हती, तरी ते बोलत राहिले.

"शनिवारी ह्यानं मले म्हणलं, पंपावरचं सील तोड अन् इस्क्रू पाऊण फेरा फिरव. नवं सील मारून वरून पिवळा रंग लाव. डबी नुसती देखाव्याले. गावातल्या सगळ्या गाड्याईचं काम तुलेच देतो म्हणाला. म्या फिरवला. आधी म्या टिंगल केली अन् मंग म्याच फिरवला. इतक्या गाड्या एकाच वेळी माह्या गॅरेजले येतीन, हाच लोभ."

"मंग काढली काऊन?" सुधाकररावांनी विचारलं.

"रविवारी गाडी घाटातून आली तवा म्या इंजिनाले हात लावला. हात ठेववेना. उन्हाळ्यात निर्मलच्या घाटात भरल्या गाडीचं इंजिन जाम झालं असतं. उतारावर झालं तर वरची माणसं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सोमवारी इस्क्रू परत फिरवाले आलो होतो. वहिनी वट्ट्यावर उभ्या होत्या. सील तोडाचं काम दोन मिनिटाचं नाई. म्हणलं, निदान डबी नेतो. डबीच नसंन तर कोणी घेणार नाई. झालं उलटंच. नावं तीनाची अकरा झाली अन् आळ चंपतवर गेला. मंग तोंड उघडाची हिंमत होईना."

अमृतराव मास्तरांनी खाली वाकून डबी उचलली. कमलकिशोरनं हात पुढे केला तेवढ्यात उद्धवराव मध्ये येऊन उभा राहिला. मास्तरांनी दगडानं झाकण फोडलं. आत एक लाल दिवा, त्याला जोडलेल्या दोन तारा, आणि वजन यावं म्हणून ओतलेलं डांबर. मास्तरांनी ती बाकड्यावर ठेवली आणि एकेकानं येऊन ती पाहिली.

"मास्तर, अशी काई खरी डबी नसतेच काय?" एका मळेवाल्यानं विचारलं. चोरीपेक्षा डबी खोटी निघाली ह्यानंच तो जास्त हिरमुसला होता.

"पुढं कधी निघेल. पण त्या डबीनं बी जास्तीचं डिझेलच टाकायचं ना? इंजिन किती सोसेल ते बनवणाऱ्यानं बघून ठरवलेलं असतं. त्याच्यापेक्षा जास्त जोर घेतला की तो इंजिनाच्या आयुष्यातून घ्यावा लागतो."

"अन् घाट?"

उत्तर केशवरावांनी दिलं, खाली बघतच. "तुमच्या निम्म्या गाड्याईचे हवेचे फिल्टर दोन वर्षांत कोणी धुतले नाई. डिझेल फवारणाऱ्या नोजल गळून राह्यल्या. टायरात हवा कमी. तेवढं केलं तर बराच फरक पडते. अन् वीसच्या जागी पंधरा पोती भरा."

कमलकिशोर सावकाश बॅग बंद करत होता. सुधाकररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा साहेब. ठाण्यात जायचं म्हणालो होतो, ते जाऊच. तुमच्यासंगं." मग ते केशवरावांकडं वळले. "तुमी बी या. जे इथं सांगितलं ते तिथं सांगा."

"येतो," केशवराव म्हणाले. "आंधी इस्क्रू होता तसा परत फिरवून देतो."

त्यांनी तो सगळ्यांसमोर, पुलावर उभ्या गाडीत फिरवला. चंपत शेजारी पाने देत उभा होता. पाना न मागता हातात पडत होता.

६

शुक्रवारी चंपत गाडीवर आला नाही. शनिवारीही नाही.

शनिवारी दहाच्या सुमारास सुधाकरराव हॉटेलात आले. चहा सांगितला आणि प्यायले नाहीत. "बाई, तू माह्यासंगं चंपतकडं चाल," ते म्हणाले. "एकट्याले जमत नाई मले."

चंपतचं दोन एकर रान ओढ्यापलीकडं होतं. कापूस वेचून झाला होता आणि तो आणि त्याची बायको बयनाबाई वाळलेल्या पऱ्हाट्या उपटत होते. सोजरबाई बांधावर बसली. सुधाकरराव पुढे गेले आणि त्यांनी किल्ली काढून धरली.

"चंपत, माह्या हातून चूक झाली. चारचौघात झाली, म्हणून चारचौघात सांगीन. तू गाडीवर ये."

चंपतनं किल्लीकडं पाहिलं, घेतली नाही. "येईन," तो म्हणाला. "पऱ्हाट्या निघाल्याबिगर कसा येऊ? सोमवारी येतो."

"सोमवारपर्यंत माल कोण नेईन?"

"तुमी नेता की. नेला ना बुधवारी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बयनाबाई त्यांच्याकडं पाठ करून उपटतच होती. चार दिवस ती पाणवठ्यावर गेली नव्हती. शेजारणींच्या नजरा नको म्हणून ओढ्याचं पाणी गाळून घरात वापरत होती. सोजरबाईला हे ठाऊक होतं. सुधाकररावांना नव्हतं, आणि तिनं ते सांगितलंही नाही.

सुधाकररावांनी चपला बांधाशी काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि चंपतच्या शेजारच्या तासाला लागले. पहिली पऱ्हाटी त्यांनी मधोमध धरून ओढली. ती मोडली आणि हातात नुसतं वरचं काटकं आलं. दुसरीही मोडली. तिसऱ्या वेळी तळहातावर ओरखडा उठला.

बयनाबाईनं मागं वळून पाहिलं. चार दिवसांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"तसं नाई निघत ते, भाऊजी. वाकून बुडापाशी धरा."

सुधाकरराव वाकले आणि त्यांनी बुडापाशी धरलं.